शिवणघराचा सन्मानफलक

मित्रांनो, माझ्या अंगावर टाचण्यांची इतकी भोकं आहेत की मोजायला बसलात तर दिवस मावळेल. तोकमोक शहरातल्या एका शिवणघराचा मी जुना सन्मानफलक. अक्रोडाची चौकट आणि लाल मखमल असा माझा थाट होता.

मी तयार झालो तेव्हा इथे लोकरीची सरकारी गिरणी होती. दर तीन महिन्यांनी चांगल्या कामगारांचे फोटो माझ्यावर लागत. फोटो काढायच्या दिवशी बायका डोक्याला नवा रुमाल बांधून येत. मला वाटायचं, माणूस राबतो तो माझ्यावर झळकण्यासाठीच. मग रशियासकट आमचा जो एकच मोठा देश होता तो मोडला, गिरणी बंद पडली आणि मी कितीतरी वर्षं कोळशाच्या ढिगावर पालथा पडून राहिलो.

पुढे शैलोबेक नावाच्या माणसाने ती जागा विकत घेतली आणि साठ मशीन मांडल्या. रशियात पाठवायचे कॉलरवाले ब्लाऊज इथे शिवले जाऊ लागले. पण बायका महिना-दोन महिने टिकायच्या आणि सोडून जायच्या. म्हणून शैलोबेकने राजधानीतून तिलेक नावाचा तज्ज्ञ बोलावला. कामगारांना उमेद कशी द्यावी हे शिकवणं हा त्याचा धंदा होता. त्याने सगळ्या बायकांसमोर कागदावर त्रिकोण काढला. तळाशी पोट, त्यावर सुरक्षितता, मग आपली माणसं, मग मान आणि टोकाला आयुष्याचं सार्थक.

"पगार तुम्ही देताच," तो शैलोबेकला म्हणाला. "आता मान द्या. मग बघा कशा धावतात."

मागच्या रांगेतून बातमा उठली. ती सगळ्यांत जुनी शिवणारीण.

"साहेब, तुमच्या त्रिकोणात खिडकी कुठे बसते हो?"

बायका फिस्सकन हसल्या. कापडावर धूळ नको म्हणून शैलोबेकने खिडक्यांना खिळे ठोकले होते आणि इस्त्रीच्या वाफेने सगळ्यांचा जीव गुदमरत होता.

"बातमा, तुझी जीभ मशीनपेक्षा जोरात चालते," शैलोबेक गुरकावला.

मला धुऊनपुसून भिंतीवर टांगलं. पहिला फोटो लागला तो कनिशायचा. कॉलर शिवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिला कुणी विचारलं नाही, नुसता फोटो काढला आणि लावला. पुढच्याच आठवड्यात शैलोबेकने माझ्याकडे बोट दाखवलं. "ही दिवसाला एकशेवीस कॉलर शिवते. मग तुम्हाला नव्वदच का जमतात? उद्यापासून सगळ्यांना एकशेवीस."

त्या दिवसापासून कनिशायला चहाच्या वेळी कुणी जागा देईना. "सरका गं, फोटोवाल्या बाई आल्या!" असं म्हणून नानची थाळी तिच्यासमोरून उचलत. एका सकाळी तिच्या फोटोतले दोन्ही डोळे कुणीतरी सुईने फोडलेले दिसले. ते कुणी केलं हे मी पाहिलं होतं. ती बातमा होती. सुई मखमलीतून थेट माझ्या लाकडापर्यंत आली. आजवर माझ्यात इतक्या टाचण्या शिरल्या, पण एवढ्या रागाने एकही शिरली नव्हती.

मग एके दिवशी इस्त्रीवाली गुलबारा वाफेत चक्कर येऊन पडली. तिच्या तोंडावर पाणी मारता मारता बातमा ओरडली, "बघ कनिशाय, तुझ्या हाताची करामत!"

"मी मागितला होता का फोटो, एजे?" मोठ्या बहिणीला म्हणतात तसं एजे म्हणणं तिने रागातही सोडलं नाही.

"मागितला नाहीस. पण नको तरी कुठे म्हणालीस?"

कनिशाय मशीनवरून उठली. मग ती तरातरा माझ्याकडे आली आणि स्वतःचा फोटो तिने टरकावला.

"अगं, मी तुला मान दिला!" शैलोबेक धावत आला.

"मान? तुम्ही माझी काठी केलीत आणि त्या काठीने यांना हाणलंत."

"परत लाव, नाहीतर दाराबाहेर हो."

तिने आपली कात्री घेतली आणि ती निघून गेली. एकही बाई जागची उठली नाही. मित्रांनो, त्या वेळी मला त्या साऱ्यांची चीड आली, आणि स्वतःचीही.

दुपारी शैलोबेकने त्याच जागी बातमाचा फोटो लावला. ती बराच वेळ पाहत राहिली. नकळत तिने रुमाल सारखासुद्धा केला. मग टाचणी उपसून म्हणाली, "उद्या माझ्या नावाने यांना हाणणार ना?" आणि चालती झाली. तिच्यामागून अकराजणी उठल्या.

कॉलरींचं काम ठप्प झालं. तिसऱ्या दिवशी शैलोबेक कनिशायच्या दारात गेला. तिने त्याला अंगणात उभंच ठेवलं, असं बायका पुढे सांगायच्या.

"तुम्हाला हवंय तरी काय?" तो वैतागून म्हणाला.

"सहा महिन्यांत हे आज पहिल्यांदा विचारलंत," ती म्हणाली आणि बोटांवर मोजत एकेक सांगू लागली.

खिळे निघाले. आकडा नव्वदवर आला. सगळ्या परतल्या. पण कनिशाय आणि बातमा यांचं आजतागायत जमलेलं नाही.

"माझे डोळे तूच फोडलेस ना, एजे?"

"मीच. आणि तुझी कॉलर अजून डावीकडे ओढते."

"तुझी उजवीकडे."

नवी मुलगी कामाला आली की मात्र दोघी एका सुरात तिला बजावतात, "फोटो काढू देऊ नकोस हं!"

माझी मखमल उतरवून मला आडवं केलंय. आता माझ्यावर कापड बेततात आणि माझी त्याला हरकत नाही. मित्रांनो, तुमच्यातले काहीजण उद्या मालक होतील, साहेब होतील. कामाच्या माणसाला भिंतीवर चढवायची घाई करू नका. आधी तो बसतो त्या जागेवर दिवसभर बसून बघा.