एका शिंगाची गिटार

आमच्या घरात जी वस्तू सपाट असते तिच्यावर चहा ठेवतात. टीव्ही जुना, डब्यासारखा होता तोवर टीव्हीवर ठेवायचे. भिंतीवरचा पातळ टीव्ही आला तेव्हा बाबा बरेच दिवस उदास होते. त्यामुळे नीरज भाऊजींची गिटार बाजेवर उताणी पडलेली दिसताच त्यांनी वाफाळता स्टीलचा ग्लास तिच्या छातीवर ठेवला आणि वांग्याचे भाव पाहायला मोबाइल उघडला.

ग्लास उचलला तेव्हा खाली पांढरं वळं उमटलेलं होतं. दांडीच्या बाजूला, मधल्या भोकाच्या जरा वर. चकचकीत पॉलिशमध्ये धुक्याचं एक कडं.

"बाबा, हे काय करून ठेवलं?"

"सपाट होतं."

"भाऊजीची गिटार हाये थे."

"भोकात तं नाई ना ठेवला," बाबा म्हणाले आणि उपकार केल्यासारखे उठून गेले.

भाऊजी म्हणजे अपेक्षाताईचे मिस्टर. दिवसा वर्ध्याला ऑफिसात असतात, संध्याकाळी ऑर्केस्ट्रात. गिटार ते खास मऊ फडक्यानं पुसतात. पोरीचं नाक जे हाताला येईल त्यानं. ऑफिसच्या ट्रेनिंगला जाताना त्यांनी ती माझ्याकडे सोपवली होती. "जशी देऊन राह्यलो तशी वापस दे. मंग गणपतीत स्टेजवर माह्यासंग एक गाणं वाजवजो." आमच्या गावात, सेलूत, माझं वादन आजवर शेवटपर्यंत फक्त आमच्या म्हशीनं ऐकलं होतं, आणि तीही बांधलेली होती म्हणून. तेव्हा त्या वळ्यात काय काय बुडत होतं ते मलाच माहीत.

भाऊजी येणार होते तान्ह्या पोळ्याला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान पोरं लाकडी नंदी घेऊन मिरवतात, आणि यंदा त्यांची चार वर्षांची सुरभी पहिल्यांदा निघणार होती.

आईनं वळ्यावर खोबरेल तेल चोळलं. वळं तेवढंच राहिलं, त्याला फक्त वास आला. मोबाइलवर कोणी टूथपेस्ट सांगितली, तीही लावली. गिटार थंडगार आणि ताजीतवानी झाली. बाबा म्हणाले, "तिकडच्या बाजूनंई एक ग्लास ठेवू. डिझाइन वाटन." मी गिटार उचलून थेट प्रभाकररावांकडे गेलो.

प्रभाकरराव नंदी बनवतात. सुरभीचा नंदीही त्यांच्याकडेच तयार होत होता. त्यांनी गिटारीवर टिचकी मारली.

"पोकय हाये."

"गिटार हाये काका."

"आमचे नंदी भरीव रायतेत," ते म्हणाले. आवाजात दया होती. मग वळ्यावरून बोट फिरवलं. "वाफ पालिशमंधी घुसली. लाकडाले काई झालं नाई." चिंधी स्पिरिटमध्ये जराशी भिजवून त्यांनी अलगद फिरवली, तसं वळं फिकट झालं. "आता वरून पालिशचा हात मारतो. सुकू दे रांगीत. पोयाच्या संध्याकाई नेजो."

रांगेत हा शब्द मी तेव्हा मनावर घेतला नाही.

प्रभाकररावांची पद्धत अशी, की सगळे नंदी एका रांगेत उभे करायचे. एका दिवशी सगळ्यांची अंगं, एका दिवशी सगळ्यांची शिंगं, आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांचे डोळे. डोळ्यांच्या दिवशी ते मान वर करत नाहीत. ब्रश रांगेतून चालत जातो आणि मागे सगळे पाहायला लागतात.

पोळ्याच्या संध्याकाळी मी दुकानात शिरलो, तर गिटार माझ्याकडे पाहत होती.

दांडीच्या दोन बाजूंना दोन मोठे काळेभोर डोळे, पापण्यांसकट. मध्ये भोकाचं उघडं तोंड. वर दांडीचं एकच लांब शिंग. आपलं काय झालंय ते तिला नुकतंच कळलं असावं, असा चेहरा.

"काका, हे काय?"

"मी आपला रांगीनं जाऊन राह्यलो होतो. गोल दिसला, भरला."

"अन् दुसरा?"

"एका डोयाचा नंदी कोन नेते?"

"पुसता येते का?"

"काऊन नाई येत. पन संग पालिशई निंघन. मंग पुरं अंग नव्यानं करा लागन. पोया झाल्यावर आन." मग त्यांना माझी कीव आली असावी. "वयं तं गेलं ना पन?"

वळं गेलं होतं. त्याबद्दल तक्रार करायला जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी गिटार चादरीत गुंडाळून दारामागे उभी केली. भाऊजी कडक इस्त्रीच्या शर्टात आले.

"गिटार बरी हाये?"

"टवटवीत हाये."

तेवढ्यात सुरभीनं चादर ओढली. ती गिटारीकडे पाहत राहिली, गिटार तिच्याकडे.

"पियुष," भाऊजी शेवटी हळू आवाजात म्हणाले, "हे काऊन पाहून राह्यली माह्याकडं?"

"बसा जवाईबापू, चहा घ्या," बाबा म्हणाले, आणि ग्लास ठेवायला जागा शोधू लागले. मी त्यांचा हात धरला.

"मले हाच नंदी पाह्यजे," सुरभी म्हणाली.

भाऊजी नाही म्हणाले. मग सुरभी रडली. ऑर्केस्ट्रात स्पीकरशेजारी उभं राहणारा माणूस, पण तोही दोन पावलं मागे सरला. शेवटी तिच्यासाठी आणलेल्या भरीव नंदीला खाली उतरवून त्याच्या चाकांच्या फळीवर गिटार उभी केली, गळ्यात माळ घातली, शिंगाला फुगा बांधला. पुढे दोरी धरून सुरभी, आणि गिटार पडू नये म्हणून मागे वाकून चालणारे भाऊजी. त्यांच्या इस्त्रीचं काय झालं ते लिहीत नाही.

मैदानात परीक्षक प्रत्येक नंदीपाशी थांबत होते. आमच्यापाशी जरा जास्त थांबले.

"हा गवयाऊ जातीचा हाये का?"

"पोकय हाये," बाबांनी माहिती पुरवली.

"अंगाचं राहू द्या, डोये पाहा," गर्दीतून प्रभाकरराव म्हणाले.

परीक्षकांनी डोळे पाहिले. डोळ्यांनी परीक्षकांना पाहिलं. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं: स्टीलच्या ग्लासांचा सेट.

घरी आल्यावर भाऊजींनी गिटार मांडीवर घेतली, डोळे मिटून तारा छेडल्या.

"आवाज तं तोच हाये," ते म्हणाले. मग डोळे उघडले आणि पुन्हा दचकले. "पन मी हिच्यासंग स्टेजवर नाई बसत. लोकं माह्याकडं पाहणारच नाई. मी गातो. वाजवजो तूच."

"एक गाणं?"

"सगये. अन् गणपती झाले का डोये पुसून आणजो."

"नाई," सुरभी म्हणाली, आणि तो विषय तिथेच संपला.

गणपतीत वर्ध्याच्या स्टेजवर मी वाजवलं. लोक गिटारीकडेच पाहत होते, त्यामुळे माझी बोटं कुठे चुकली ते कोणाला कळलं नाही. बाबा पहिल्या रांगेत बसले होते, हातात बक्षिसातला ग्लास, त्यात वाफाळता चहा. तिसऱ्या गाण्याला त्यांना टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

स्पीकर वरून सपाट होता.