आशीर्वादाचा हात

आमच्या घरात एखादी वस्तू हलत असेल, कलंडत असेल किंवा तिला हात लावायच्या आधी कोणी "थांबा" म्हणत असेल, तर ती माझ्या मुलानं स्वतः केलेली आहे असं पाहुण्यांनी खुशाल समजावं. पुष्कर खराडीच्या सॉफ्टवेअर कंपनीत दिवसभर जे करतो ते कोणाला दिसत नाही, हातात धरता येत नाही, आणि त्यालाही नीट समजावून सांगता येत नाही. म्हणून सुट्टीच्या दिवशी त्याला डोळ्यांना दिसेल असं काहीतरी करायचं असतं. मागच्या वर्षी त्यानं चपला ठेवायची मांडणी केली. त्यावर फक्त सपाता राहतात. बूट ठेवले की मांडणी वाकून नमस्कार करते.

"आई, इतरांचे नवरे सुट्टीला ट्रेकला जातात," माझी सून सुरुची म्हणते, "हा निदान घरात असतो." खरं आहे. तो घरात असला की आम्हाला पाय ठेवायला जागा नसते, एवढंच.

यंदा त्यानं गणपती करायला घेतला. शाडूची माती आली आणि आमची गॅलरी गेली. समोर फोन टेकवून ठेवलेला, त्यातल्या व्हिडिओत एक बाई सावकाश मूर्ती घडवायच्या, आणि त्यांचं बघून बघून हा. सोंड दोनदा मोडली. तिसऱ्यांदा ती वळवायच्या भानगडीत न पडता त्यानं सरळ पोटावर सोडून दिली, त्यामुळे डावी की उजवी हा वाद परस्पर मिटला. पोट मात्र पहिल्याच फटक्यात जमलं. "घरात नमुना होता ना," सुरुची सासऱ्यांकडे न बघता म्हणाली.

रंग फक्त डोळ्यांना द्यायचा, बाकी माती तशीच ठेवायची असं त्यानं ठरवलं होतं. डोळे झाल्यावर त्यानं मला हाक मारली. मी जाताना एक खोचक वाक्य तयार ठेवलं होतं. पण तो गणपती अगदी आता हसेल असा बघत होता, आणि माझं वाक्य मी विसरूनच गेले. नखांत माती भरलेला माझा घोडा माझ्याकडे पहिलीतल्या मुलासारखा बघत होता. मला फार आनंद झाला, आणि तसं मी त्याला सांगितलंसुद्धा. आमच्याकडे हे सहसा होत नाही.

हरतालिकेच्या संध्याकाळी हे गॅलरीत आले. हे म्हणजे शरच्चंद्र, माझे यजमान. उभी नोकरी सरकारी कचेरीत लोकांच्या अर्जांतल्या चुका काढण्यात गेली. निवृत्त झाले, पण नजर अजून नोकरीवर आहे. त्यांनी चष्मा लावून मूर्ती पाहिली आणि म्हणाले, "आशीर्वादाचा हात डावा आहे."

आम्ही तिघंही वाकलो. मोदक उजव्या हातात होता, आणि वर उचललेला हात डावा. त्या बाईंनी व्हिडिओ सेल्फी कॅमेऱ्यानं काढलेला, म्हणजे आरशासारखा उलटा. दुसऱ्या कोणाला करतानाच काहीतरी खटकलं असतं. पण पुष्कर जन्माचा डावखुरा. त्याला तो हात अगदी बरोबरच वाटला.

"बाप्पा जेवतो तरी उजव्या हातानं," मी म्हणाले.

"समोर आरसा ठेवून, आरशात बघून आरती केली तर?" सुरुचीनं विचारलं.

"मग नैवेद्यही आरशालाच दाखवू," हे म्हणाले. "मी कोपऱ्यावरून दुसरी मूर्ती घेऊन येतो. ही शोकेसमध्ये ठेवा. छान आहे."

आमच्या घरात "छान आहे" हे पाहुण्यांनी आणलेल्या फुलदाणीला म्हणतात. पुष्करचा चेहरा उतरला. "बाबा, थांबा," तो म्हणाला. "मी हात बदलतो." त्यानं मूर्तीच्या खांद्यांवर ओलं फडकं गुंडाळलं, माती मऊ होईपर्यंत थांबला आणि मग लाकडी सुरी उचलली. घडवतानाचा त्याचा उत्साह मी पाहिला होता. आता त्याच हातानं तो तोडायला बसला होता.

हे पिशवी घेऊन दारात उभे होते. पुष्करच्या डाव्या हाताशी यांचं जुनं भांडण. लिहिण्याच्या बाबतीत शाळेतल्या बाईंनी हात टेकले म्हणून यांनीही सोडून दिलं, पण जेवण, प्रसाद, देणंघेणं उजव्यानंच. पंगतीत डावा हात पुढे आला की हे एकच शब्द बोलायचे, "उजवा." आत्ताही सवयीनं म्हणाले, "उजव्या हातात धर सुरी. लागेल."

"उजव्या हातानं मला फक्त जेवता येतं, बाबा," पुष्कर म्हणाला. तो चिडला नव्हता, खरं तेच सांगत होता. "आणि तीर्थ घेता येतं. बाकी मला जे काही करता येतं ते या हातानंच येतं."

यांनी मूर्तीच्या हाताकडे पाहिलं, पुष्करच्या हाताकडे पाहिलं. मग पिशवी परत खिळ्याला अडकवली.

"सुरी ठेव खाली."

"पण बाबा, तुम्हीच म्हणालात..."

"ठेव म्हटलं ना. उद्या लवकर आंघोळ कर. आणि चौरंग माळ्यावरचा जुना काढ. तू केलेल्यावर नको, देव पडेल."

दुसऱ्या दिवशी आरतीला खालच्या मजल्यावरचे हिंमतराव आले. ते मूळचे इथलेच, धायरीचे, बोलायला मोकळे. हात जोडून झाल्यावर त्यांनी मान तिरकी करून विचारलं, "काका, देवाचा हात उलटा हाय का वो?"

"उलटा नाही, डावखुरा आहे," हे म्हणाले. "आमच्या घरात असतात."

मग तीर्थ द्यायला सुरुवात झाली. हिंमतरावांनी घेतलं, सुरुचीनं घेतलं. पुष्करनं उजवा हात पुढे केला, पण यांनी पळी कलती केली नाही.

"दुसरा," हे म्हणाले.

पुष्करला कळेना. तो माझ्याकडे बघायला लागला.

"दुसरा हात रे. तो पुढे कर."

त्यानं डावा हात पुढे केला. यांनी त्यावर तीर्थ घातलं. त्या हाताला तीर्थ घ्यायची सवय नव्हती, तळव्याची वाटी नीट झाली नाही, आणि बरंचसं खाली सांडलं. यांनी पळी पुन्हा भरली.