दगडाची मागची बाजू

दगड पुसून तयार ठेवला होता, दुसऱ्या दिवशी गाडी न्यायला येणार होती आणि नेमक्या तेव्हाच त्या आजी काठी टेकत आमच्या कारखान्यात आल्या. युद्धात गावाजवळ एक बॉम्बफेकी विमान कोसळून सातजण गेले, त्यांच्या स्मारकाचं काम आमच्याकडे होतं. सातांतला सगळ्यात लहान तो या आजींचा धाकटा भाऊ. त्यांना आता दिसत नाही, म्हणून म्हणाल्या, "हात लावून बघू?"

"बघा की. पण ठसे उमटतात हो," मी म्हटलंच. माझी जीभ मेली गप्प बसेल तर शपथ!

स्मारक समितीची हौस दांडगी. नावं विमानाच्या आकारात हवी होती, जो जिथे बसायचा तिथे त्याचं नाव. पुढे सहाजण घोळक्यात आणि शेपटीतला बंदूकवाला एकटा, हातभर कोऱ्या दगडापलीकडे. आजींची बोटं त्या कोऱ्या जागेवरून चाचपडत भावाच्या नावापाशी पोचली.

"इथेही एकटाच का गं?" त्या म्हणाल्या. "शेवटी त्याच्याशी कुणी बोललं असेल का, याच विचारात जन्म गेला माझा."

मला राग आला, स्वतःचाच. विमान हुबेहूब जमलं म्हणून आम्ही नवराबायको पाठ थोपटून घेत बसलो होतो.

कोरलेलं अक्षर काही हलवता येत नाही. मी ह्यांना म्हटलं, "दगड उलटा करा. मागची बाजू कोरी आहे."

"डोकं ठिकाणावर आहे का? समिती काय म्हणेल?"

"समितीला मी बघते. तुम्ही छिन्नी उचला."

अध्यक्ष फोनवर तणतणले. मी म्हटलं, "साहेब, तुमच्या विमानाला धक्का लावत नाही. गाडी तेवढी चार दिवसांनी पाठवा."

मागे सातही नावं एकाखाली एक, अगदी खेटून कोरली. धाकट्याचं मधोमध.

अनावरणाला आजींना मी आधी मागेच नेलं. भावाच्या नावावरून त्यांची बोटं वरच्या नावावर गेली. "हा कोण गं?"

"माझे काका," गर्दीतले एक टक्कलवाले गृहस्थ पुढे आले. "विमानाला वाट दाखवायचे."

"बोलके होते का हो?"

"बोलके? अहो, झोपेतही टकळी चालू असायची म्हणे!"

आजी खुदकन हसल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. दोन्ही नावांवर पंजा ठेवून म्हणाल्या, "मग बरं झालं बाई. आमचा फार लाजरा. आपणहून कधी बोललाच नसता."