उजव्या कानातून ऐकलेलं नाटक

मी एक जुनं श्रवणयंत्र आहे. शब्द मोठा आहे, पण घाबरू नका मित्रांनो, मी तुमच्या करंगळीच्या पेराएवढाच आहे. घरात सगळे मला ‘कानाचं मशीन’ म्हणतात. माझा मूळचा रंग गव्हाळ होता. आता कडा पिवळट पडल्या आहेत आणि बॅटरीचं इवलंसं दार जरा सैल झालं आहे. तरी अजून ऐकतो मात्र चोख.

माझा जन्म एका स्वच्छ, थंड खोलीत झाला. एका मुलीने मला भिंगाखाली धरून, चिमट्याने एकेक तार जोडत घडवलं. पण माझा आकार तिने ठरवला नाही. तो ठरवला पुण्यातल्या एका कानाने. येरवड्यात राहणाऱ्या रामदास मेश्रामकाकांच्या उजव्या कानात गुलाबी लगदा भरून दवाखान्यात साचा घेतला होता. त्या साच्यावरून मी तयार झालो. म्हणजे एवढ्या मोठ्या जगात मी फक्त एकाच माणसाच्या कानात बसतो. छत्री शेजाऱ्याला चालते, पेन मित्राला चालतं. माझं तसं नाही.

मेश्रामकाका मूळचे भंडाऱ्याचे. तरुणपणी पुण्याला आले आणि भोसरीच्या एका कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या प्रेससमोर सव्वीस वर्षं उभे राहिले. त्या धाडधाड आवाजाने त्यांचे कान हळूहळू मंदावले. दुखत काहीच नव्हतं, त्यामुळे त्यांना स्वतःलाही बरेच दिवस कळलं नाही. घरातल्या टीव्हीचा आवाज तेवढा चढत गेला. शेवटी कौशल्याकाकू त्यांना जवळजवळ ओढतच तपासणीला घेऊन गेल्या. काकू येरवड्याच्याच पोस्टात खिडकीवर काम करतात. रांगेतल्या माणसांना वळण लावायची त्यांना सवय आहे.

काकांनी मला दोन दिवस घातलं. चूक माझीही होती. इतकी वर्षं निवांत असलेल्या कानात मी एकदम मिक्सर, हॉर्न, भांडी आणि शेजारच्यांचं कुत्रं असं सगळं ओतलं. “सगळं जग पत्र्याचं झालं बाप्पा,” काका वैतागून म्हणाले. तिसऱ्या दिवशी माझी बॅटरी निघाली आणि मी डबीत गेलो. डबी गेली कपाटाच्या खणात, नेलकटर आणि बंद पडलेल्या रिमोटच्या शेजारी. तिथे मी पाच वर्षं पडून होतो. बॅटरी नसली की मीच ठार बहिरा असतो, मित्रांनो. त्यामुळे त्या पाच वर्षांत घरात काय घडलं, ते मी सांगू शकत नाही.

एके दिवशी डबी उघडली. काकांची मुलगी तनया मला एका दुकानात घेऊन गेली. मी खणात गेलो तेव्हा ती कॉलेजात होती, आता हिंजवडीत नोकरीला होती. दुकानात मला स्वच्छ पुसलं, माझा आवाज मऊ करून दिला, नवी बॅटरी घातली. घरी येऊन तिने मला जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि माझ्याशेजारी नाटकाची दोन तिकिटं ठेवली.

“बाबा, शनिवारी रात्री साडेनऊचा प्रयोग,” ती मोठ्याने म्हणाली. “तुमच्या लग्नाला सत्तावीस वर्षं होतायत. माझ्याकडून गिफ्ट.”

“नाटक?” काकांचा चेहरा पडला. “नको. पार्किंग मिळत नाही तिथे.”

“रिक्षाने जाऊ,” काकू म्हणाल्या.

“खुर्च्या टोचतात.”

“पूर्वी नाही टोचल्या? दर महिन्याला जायचो आपण. बस चुकली की येरवड्यापर्यंत चालत यायचो, आणि वाटेत सगळं नाटक तुम्ही पुन्हा करून दाखवायचात.”

“तेव्हा वय होतं.”

काकूंनी तिकिटं उचलून पर्समध्ये टाकली. मग म्हणाल्या, “ठीक आहे. पोस्टातली सोनाली येईल माझ्याबरोबर. पण हे माझं शेवटचं विचारणं. यापुढे मी तुम्हाला कुठेच चला म्हणणार नाही.”

त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट खाली उतरला होता. काकांना शब्द सगळे ऐकू गेले नसतील, पण काकूंच्या तोंडाकडे बघून ते त्यांना नीट कळले. काकू आत निघून गेल्या.

तनया बाबांच्या समोर येऊन बसली. “खरं काय ते सांगा. खुर्चीबिर्ची सोडून.”

काकांनी मला उचलून तळहातावर घेतलं. मला वाटलं, आता पुन्हा खणात. पण ते बोलू लागले. पाच वर्षांपूर्वीचं शेवटचं नाटक त्यांना आठवत होतं. तेव्हाच त्यांना संवाद नीट ऐकू येईनासे झाले होते. शेजारचे हसले की आपणही हसायचं, अशी त्यांनी युक्ती काढली होती. एका प्रवेशात शेजारच्या गृहस्थांचे खांदे गदगदा हलू लागले. काकांना वाटलं, मोठाच विनोद झाला. ते खदखदून हसले. रंगमंचावर आई मरत होती. शेजारचे गृहस्थ रडत होते.

“अख्खं थिएटर माझ्याकडे वळून बघत होतं. तुझ्या आईला वाटलं, मी नाटकाची टिंगल केली. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.”

तनयाने ओठ घट्ट मिटून घेतले. ती हसू आवरत होती की रडू, ते मला कळेना. “मग आईला खरं का नाही सांगितलं?”

“काय सांगू? नवरा बहिरा झाला म्हणून?”

“बाबा, तिला ते तुमच्याआधी माहीत आहे.”

काकांनी मला हळूच टेबलावर ठेवलं. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, “कडेची खुर्ची आहे का? असेल तर येतो!”

आतून उत्तर आलं, “इस्त्रीचा शर्ट घालणार असाल तर या!”

शनिवारी मी पाच वर्षांनी कानात बसलो. नाट्यगृहात गजऱ्यांची खरेदी, ओळखीच्यांच्या हाका, खुर्च्यांची फटफट असं सगळं मी यावेळी बेताने आत सोडत होतो. काका ताठ बसले होते. त्यांच्या कानामागची शीर उडताना मला जाणवत होती. तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला.

नाटक होतं एका निवृत्त गृहस्थाचं. नोकरी संपली तरी हे महाशय रोज सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडत. पहिली दहा मिनिटं सगळं सुरळीत चाललं. मग एक शांत प्रवेश आला. नायक एकटाच बाकावर बसून होता. सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. आणि तेवढ्यात मी शिट्टी मारली.

मित्रांनो, आमची एक खोड आहे. कानात नीट बसलो नाही की आमचा आवाज आमच्यातच परत शिरतो आणि आम्ही किंचाळतो. मला आवरता येईना. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ मागे वळले आणि अत्यंत शांतपणे म्हणाले, “अहो, कुकर गॅसवर ठेवून आलात का?”

आजूबाजूला खसखस पिकली. काकांनी मला कानातून उपटून मुठीत दाबलं. कडेची खुर्ची कशाला मागितली होती, ते तेव्हा कळलं. ते उठायच्या बेतात होते.

तेवढ्यात पलीकडच्या बाजूने एक सुरकुतलेला हात पुढे आला आणि त्याने काकांना खाली बसवलं. काकूंच्या शेजारी आप्पासाहेब म्हणून एक ऐंशीच्या घरातले आजोबा बसले होते. कसबा पेठेतून एकटेच आले होते. काकांना आता कुजबुज ऐकू येत नव्हती, म्हणून आप्पासाहेबांनी हातवाऱ्यांनीच सांगितलं. स्वतःचा कान वर ओढला, आतलं मशीन दाखवलं, थोडं फिरवून दाबायची खूण केली. माझाच कुणी थोरला भाऊ तिथे ऐटीत बसला होता!

काका हललेच नाहीत. तेव्हा काकूंनी त्यांची मूठ उघडली, मला घेतलं, त्यांचा कान वर ओढला आणि मला हलकेच फिरवून आत बसवलं. पत्रावर तिकीट चिकटवावं तसा अंगठा क्षणभर दाबून धरला. मी गप्प झालो. आणि मग खरं ऐकू लागलो.

रंगमंचावर नायकाची बायको प्रेक्षकांकडे पाठ करून उभी होती. ती अगदी खालच्या आवाजात म्हणाली, “डबा रोज रिकामा येतो. पण पोळ्या कोण खातं, ते गल्लीतल्या कुत्र्याच्या वजनावरून कळतं.”

काका हसले. नंतर सगळं सभागृह हसलं.

हा क्रम नीट लक्षात घ्या, मित्रांनो. आधी काका, मग सभागृह. काकूंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढचे दोन विनोद त्यांनी रंगमंचाकडे न बघताच ऐकले.

मध्यंतरात वड्यांच्या रांगेत काकांनी काकूंना खांदे हलवणाऱ्या शेजाऱ्याची गोष्ट सांगून टाकली. काकू इतक्या हसल्या की डोळ्याला पदर लावावा लागला. “आणि मी दोन दिवस तुमच्या आमटीत मीठ घातलं नव्हतं!”

“तेही तेव्हा कळलं नाही मला,” काका म्हणाले.

पुढच्या रांगेतले गृहस्थही रांगेत होते. आप्पासाहेबांनी त्यांना गाठलंच. “कुकर नव्हे हो, मशीन. आपल्यालाही लागेल एक दिवस. पत्ता देऊन ठेवू का?” गृहस्थ ओशाळले आणि काकांना म्हणाले, “माफ करा, जीभ जरा सैल सुटली.” त्यांनी काकांना रांगेत पुढे सोडलं. पुण्यात याहून मोठी माफी नसते.

नाटक संपलं. बाहेर दोघं रिक्षा शोधत चालली होती. काकू नेहमीच्या सवयीने स्वतःशीच पुटपुटल्या, “हसतात तेव्हा किती बरे दिसतात. पाच वर्षं उगाच मारुतीच्या शेपटीएवढं तोंड लांब करून बसले होते.”

“माझं तोंड तेवढं लांब नाही,” काका म्हणाले.

काकू जागच्या जागी थांबल्या. “काय?”

त्या घरात हा शब्द आजवर काकांचा होता. काकांनी त्यांचं वाक्य शेपटीसकट जसंच्या तसं म्हणून दाखवलं. मग सावकाश विचारलं, “कौशल्या, तू रोज असं पुटपुटत होतीस?”

“रोज.”

“काय काय?”

“रिक्षात बसा,” काकू म्हणाल्या. “येरवड्यापर्यंत जेवढं होईल तेवढं सांगते.”

त्या रात्रीला आता तीन वर्षं झाली. तेव्हापासून मी एकही दिवस खणात गेलो नाही. रात्री काका मला कोरड्या कापडाने पुसतात, बॅटरीचं दार उघडं ठेवतात आणि डबीत निजवतात. कधी आंघोळीला जाताना मला काढायचं विसरतात, मग काकू ओरडतात, आणि ते ओरडणंही आम्हा दोघांना स्पष्ट ऐकू येतं. महिन्यातून एकदा आम्ही नाटकाला जातो. पुढच्या महिन्यात माझ्या जागी नवं मशीन येणार आहे, असं परवा ठरलं. थोडं वाईट वाटलं. पण मी खूप ऐकलं आहे, माझी तक्रार नाही.

फक्त एक मागणं आहे, मित्रांनो. तुमच्याही घरी एखाद्या खणात माझा भाऊ पडलेला असेल. त्याला बाहेर काढा, बॅटरी घाला, कानात बसवायला मदत करा. पहिले काही दिवस तो त्रास देईल, तेवढे सांभाळून घ्या. आणि आजी, आजोबा किंवा बाबांनी दुसऱ्यांदा “काय?” म्हणून विचारलं, तर “काही नाही” म्हणून निघून जाऊ नका. काहीतरी असतं म्हणूनच ते विचारत असतात. त्यांच्या समोर या आणि ते एक वाक्य पुन्हा सांगा.