कुशीतला ठिपका

मी गॅमा कॅमेरा बोलतोय. फोटो काढतो, पण 'हसा' म्हणत नाही. हलू नका, एवढंच माझं म्हणणं! सुईतून किंचित किरणोत्सारी औषध रक्तात सोडतात. ते किडनीतून लघवीत उतरतं आणि जिथे जातं तिथे मला चमकताना दिसतं. औषधाशिवाय मी ठार आंधळा.

परदेशातल्या कारखान्यात जन्मलो, खोक्यात बसून समुद्र ओलांडला आणि वर्धा जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात स्थिरावलो. इथला उन्हाळा म्हणजे बापरे! पण माझा एसी कधी बंद नसतो, म्हणून सगळ्या वॉर्डांतल्या रुग्णांचे नातेवाईक माझ्याच दाराशी येऊन बसतात.

दोन महिन्यांपूर्वी रोहणा गावच्या भागाबाई आल्या. मुतखडा फोडून आठ दिवस झाले होते, पण डावी कूस दुखत होती, ताप उतरत नव्हता. सोनोग्राफीत किडनीभोवती पाणी दिसलं. ती लघवी असेल, तर आत कुठेतरी फाटलंय. तसंच राहिलं तर पू होऊन किडनीच जायची.

"काढा त नाई लागन ना किडनी?" त्यांचा नवरा जंगलू ज्याला त्याला विचारत होता.

पहिल्या अर्ध्या तासात मला काहीच वावगं दिसलं नाही. जंगलूने लगेच चपला घातल्या. पण मला चालवणारी मैत्रेयी म्हणाली, "गळती बारीक असली तर उशिरा दिसते. तीन तासांनी लघवी करून या."

तीन तासांनी डाव्या कुशीत ठिपका चमकला!

"लुगड्यावर लघवीचा थेंब सांडला असेल," डॉक्टर म्हणाले. कधीकधी होतं असं. कपड्यावरचा थेंबही मला आतल्यासारखाच दिसतो. मी फसतो, लपवू कशाला? लुगडं बदलून पुन्हा पाहायला हवं होतं, आणि इथेच भागाबाई अडून बसल्या. दवाखान्याचा झगा त्यांनी सकाळीही नाकारला होता.

"मागून उघडा हाय तो. मी नाई घालत!"

"घाल ना व, काऊन जिद करून राह्यली?" जंगलू कळवळला.

मैत्रेयीने वाद घातला नाही. तिने दोन झगे आणले. एक पुढून घातला, दुसरा मागून. "बघा मावशी, आता कुठे उघडं आहे?" भागाबाईंनी चारही बाजूंनी चाचपून पाहिलं आणि मुकाट झोपल्या.

ठिपका तिथेच होता. थोडा पसरलाही होता. गळती खरीच होती. त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी लघवीला वाट मिळून फाटलेलं भरावं म्हणून आत बारीक नळी बसवली, साचलेलं पाणी काढलं.

आता मी म्हातारा झालोय, फिरताना कुरकुरतो. नवा कॅमेरा यायचाय म्हणतात. येऊ दे बापडा, मी सुखात आहे. त्याच्यापुढे झोपाल तेव्हा थांबा म्हटलं की थांबा, एवढं माझ्यासाठी करा.

नळी निघाल्यावर काल भागाबाई पुन्हा तपासायला आल्या. या वेळी तीन तासांनीही कुशीत काही नव्हतं. मैत्रेयीने संगणकाच्या पडद्यावर किडन्यांचं सुरुवातीचं चित्र आणलं आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. भागाबाईंनी बोट लावून पाहिलं, मग पुन्हा पाहिलं.

"अवो, या ना इकडे! दोन्ही हायेत."

जंगलू आला, पडद्याकडे बघत राहिला आणि बायकोचा हात धरून ढसाढसा रडला.