एक राहिलेली ओळ

“दार त्यानं आधीच उघडलं, थांबवायचं बटण दाबलंच नाही, असं अहवालात लिही आणि मोकळी हो,” साहेब म्हणाले.

बारा वर्षं ती याच खोलीत वाफेच्या यंत्रांची संगणकावर चालणारी मॉडेल लिहीत होती. मॉडेल मंजूर झालं की त्यावरूनच खऱ्या यंत्राचा प्रोग्रॅम तयार व्हायचा. गेल्या आठवड्यात कपडे धुण्याच्या एका कारखान्यात नव्या यंत्राचं दार उघडताच वाफ उसळली आणि ते चालवणाऱ्या माणसाचे दोन्ही डोळे गेले.

साहेब गेल्यावर तिनं मॉडेल उघडलं. सगळ्या यंत्रांसाठी एक मूळ क्लास, म्हणजे सामाईक साचा होता. त्यातली ‘थांबव’ ही मेथड, म्हणजे हुकमांची यादी, आधी वाफेची झडप बंद करायची, मग ड्रम रिकामा करायची. नव्या यंत्रासाठी तिनं त्याच नावाची आपली मेथड लिहिली होती: मोटर थांबव, हिरवा दिवा लाव. नाव तेच, त्यामुळे मूळ मेथड आपोआप चालणार नव्हती. मूळ मेथडला आतून हाक मारणारी एक ओळ लिहायला हवी होती.

ती ओळ नव्हती.

तिनं मॉडेल चालवलं, थांबवायचा हुकूम दिला. मोटर थांबली, दिवा लागला, वाफेचा आकडा मात्र जागचा हलला नाही. चारदा पाहिलं. मग तिनं ती ओळ घातली आणि आकडा सरसर शून्यावर आला.

साहेब परत आले, त्यांनी तो आकडा पाहिला आणि ते खुर्चीतच बसले. “घातलीस ना ओळ? मग मागची तारीख टाक. मी पाहिलं नाही, तू दाखवलं नाहीस.”

“मोटर थांबलेली, दिवा लागलेला सापडला. त्यानं बटण दाबलं होतं, साहेब.”

“नोकरी जाईल तुझी. पुढे कोणी दारात उभं करणार नाही.”

“जाईल.”

तिनं अहवालात सगळं जसंच्या तसं लिहिलं, खाली सही केली आणि दुपारीच दवाखाना गाठला.

त्याच्या डोळ्यांवर जाड पट्टी होती. बायको उशाशी बसली होती. “कोण आलंय?” त्यानं विचारलं.

“तुमचं यंत्र कसं थांबावं, ते मी लिहिलं होतं. चूक माझी आहे. तुम्ही बटण दाबलं होतं, दिवाही लागला होता.”

बायकोनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

“हिला आठ दिवस हेच सांगतोय,” तो म्हणाला. “ही म्हणते, तुमची घाई नडली. सगळेच म्हणतात.” मग तिच्या आवाजाकडे तोंड वळवून, “बाई, पुन्हा एकदा सांगाल?”

तिनं पुन्हा सांगितलं. वॉर्डातल्या शेवटच्या खाटेपर्यंत ऐकू जाईल, इतक्या मोठ्यानं.