चार सेकंदांचं रडणं

मी रडते. तोच माझा धंदा आहे. मालिकांतल्या देखण्या नायिकांना डोळ्यांत पाणी आणता येतं, पण आवाज असा काढतात की ऐकणाऱ्याला हसू यावं. मग डबिंगच्या खोलीत, पडद्यासमोर उभी राहून त्यांच्या वाटचं मी रडते. एकोणीस वर्षांत दोनशे नवरे, ऐंशी आया आणि एक घोडा, एवढ्यांसाठी रडून झालंय. घोड्यासाठी तर अगदी मनापासून.

मध्यंतरी आमच्या रेकॉर्डिस्टने मला काचेपलीकडे बोलावलं आणि कॉम्प्युटरवर एक रेघ दाखवली. हल्ली लोक मालिका मोबाइलवर बघतात, आणि कोणी कुठला भाग न बघता पुढे पळवला ते मालिकेच्या कंपनीला लगेच कळतं. रेघ छान चालली होती, मध्येच धाडकन खाली.

"हे काय?"

"हे तुम्ही, ताई. तुम्ही रडायला लागलात की लोक पळवतात."

कंपनीचं फर्मान आलं होतं. यापुढे रडणं चार सेकंद. गुरुवारी एक प्रसंग करून दाखवायचा. नाही जमलं तर मशीनमधलं तयार रडणं वापरणार आणि मला नारळ.

माझं डोकंच फिरलं. माझ्या रडण्याला काही रीत आहे. आधी खोल श्वास, मग हुंदका, मग लांब सूर, शेवटी नाक ओढणं. श्वासालाच चार सेकंद लागतात!

घरी तालीम सुरू झाली. लेक मोबाइलवर सेकंद मोजायला बसली, सासूबाई परीक्षक. मी भराभरा रडून दाखवलं आणि सासूबाईंना विचारलं,

"आई, कसं वाटलं?"

"ठसका लागला का गं? पाणी देऊ?"

"रडले मी!"

"याला रडणं म्हणतात? माझी मावशी गेली तेव्हा मी सव्वा तास रडले होते. आणि तेसुद्धा घाईत."

गुरुवारी प्रसंग होता नायिकेची आई जाण्याचा. लाल दिवा लागला. मी सवयीने खोल श्वास घेतला, छाती भरली, आणि चार सेकंद संपले. रेकॉर्डिस्टने मशीन थांबवलं. हुंदका माझ्या घशातच राहिला. पुन्हा एकदा करते म्हणून मी हातापाया पडले, पण त्याने फाइल पाठवूनसुद्धा टाकली होती. संपलं, म्हटलं.

पण झालं भलतंच. भाग त्या श्वासावरच तोडला होता. आता ही रडणार, आता रडणार म्हणून लोक थांबले, आणि रडलीच नाही म्हणून पुढचा भाग लावला. रेघ टेबलासारखी सपाट! सोमवारी लेक शाळेतून किंचाळतच आली. कोणीतरी माझा श्वास उचलून व्हिडिओंना लावला होता. दूध उतू जातंय, माझा श्वास. मांजर कपाटावरून पडतंय, माझा श्वास. एक आजोबा डोक्यावरचा चष्मा घरभर शोधताहेत, तिथेही मीच! आम्ही तिघी हसून हसून जमिनीवर आडव्या.

तेवढ्यात रेकॉर्डिस्टचा फोन आला. "ताई, कंपनीला तुमचे बारा श्वास हवेत. लहान-मोठे. तुमचं काम पक्कं. रडायची गरजच नाही आता!"

मी फोन ठेवला. काम राहिलं या आनंदाने नाचावं असं वाटत होतं, आणि काहीतरी गेलं असंही. मी श्वास घेतला. लेकीने मोबाइल वर धरला. सासूबाईंनी डोळे वटारले तसा खाली ठेवला. मग हुंदका आला. मग लांब सूर. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच कुणाच्या वाटचं नाही, माझंच. सासूबाई सरकून जवळ आल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत बसल्या. लेक मांडीवर डोकं टेकून पडली. नाकापर्यंत पोचायला मला चांगली अकरा मिनिटं लागली, आणि दोघींपैकी कोणी जागचं हललं नाही.